हसबनीसांनी बघितलेला चौकार

मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या, आणि आज एकाच प्रश्नाकडे लक्ष द्या. माणसानं विश्वास कशावर ठेवावा — स्वतःच्या डोळ्यांवर, की चार लोकांच्या तोंडावर?

या संसारात दर्शनाएवढं थोर काही नाही. ऐकलेलं माणूस विसरतो, वाचलेलं पुसट होतं. पण जे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं, ते मनातला संशय मुळासकट उपटून काढतं. एकदा पाहिलं की भ्रम संपला. हे फार मोठं वचन आहे. मी ते गावोगाव सांगतो. लोक माना डोलावतात. आणि ते साफ खोटं आहे.

कसं, ते ऐका. आख्यान आहे सांगलीच्या दिगंबर हसबनीसांचं. राजा नाही, ऋषी नाही, दानशूर तर अजिबातच नाही — चष्मेवाला. मारुती चौकाच्या अलीकडे दुकान. अख्ख्या गल्लीला अक्षरं दाखवणारा माणूस. ‘खालची ओळ वाचा... आता ही काच लावतो... आता दिसतंय?’ ज्याला दिसत नाही त्याला दिसायला लावणं, हा त्यांचा धंदा. आणि खुद्द या माणसाला घरात एक गोष्ट बघायची बंदी होती. कोणती? क्रिकेटचा सामना!

या पुढच्या काकू हसल्या. म्हणजे यांच्याकडेही आहे असा एक.

झालं काय, की हसबनीसांचा पहिला दिवाळसण. नवा जावई सासरी आलेला. पाटावर बसवलेला, ओवाळलेला, चांदीच्या वाटीत बासुंदी. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सामना लागलेला, आपली जोडी छान खेळत होती. सासरेबुवा म्हणाले, ‘या जावईबापू, बसा.’ जावईबापू बसले. पहिलाच चेंडू — त्रिफळा! सासरेबुवांनी अडकित्ता खाली ठेवला. नवा फलंदाज आला. हसबनीस आपले बोलायचं म्हणून म्हणाले, ‘हा चांगला खेळतो.’ पुढच्या चेंडूवर तो परतीच्या वाटेला.

आता दिवाळसणाच्या जावयाला कोण बोलणार? बोलला तो धाकटा मेहुणा, अरविंद. शाळेत होता तेव्हा.

‘भावोजी,’ म्हणाला, ‘तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसता का?’

मंडळी, दिवाळसणाचा जावई स्वयंपाकघरात! सासूबाई चकल्या तळतायत, आणि हा नवं धोतर सांभाळत पिंपाशेजारी बसलाय. सासूबाई म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नका, हं. लहान आहे तो.’ आणि चकली दिली. दुसरी चकली संपेपर्यंत बाहेर आरोळी उठली. आपण सामना जिंकला होता.

संध्याकाळी सासरेबुवांनी जावयाच्या बोटात अंगठी घातली. ती दिवाळसणाची, की सामना जिंकून दिल्याबद्दलची, हे हसबनीसांना आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवसापासून नियम लागू झाला. नियम म्हणजे कसा? घटनेत बदल करता येतो, यात नाही. सामन्यात आपली फलंदाजी आली की हसबनीस गॅलरीत. तोंड तुळशीकडे, पाठ टीव्हीकडे. बायको, वत्सलावहिनी, स्वभावानं फार मायाळू. गॅलरीत चहा नेऊन देत. ‘अहो, घ्या. तीन षटकं राहिलीत. वळू नका.’ मुलगी मृदुला मोठी झाली, तीही शिकली. बाबा पाणी प्यायला आत आले की टीव्हीपुढं उभी राहून दोन्ही हात पसरायची — विहिरीवर झाकण घालावं तशी.

मग हा माणूस क्रिकेट शिकला कानांनी. समोरच्या शेखांकडे टाळ्या पडल्या, चौकार. सगळी गल्ली ओरडली, षटकार. आणि एकदम सामसूम होऊन कुणाच्या तरी कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली, की समजायचं — गेला.

जिंकल्यावर मात्र त्यांना आत बोलावत. रिप्ले बघायला परवानगी होती. रिप्लेला नजर लागत नाही, असा शास्त्रार्थ अरविंदनं केला होता. निकाल लागून गेलेला असतो ना! पुढं अरविंद इंजिनिअर झाला, मोठ्या शहरात नोकरीला गेला, पण शास्त्र तेच राहिलं. शिक्षणानं माणूस बदलतो असं म्हणणाऱ्यांनी अरविंदला भेटावं.

आता हसबनीसांच्या मनात एकच होतं. बंगला नको, गाडी नको. आयुष्यात एकदा, आपण जिंकतोय तो क्षण, तो घडत असताना, या डोळ्यांनी बघायचा. रिप्ले नाही — ताजा! मागणं मोठं आहे का, सांगा. देवळात येऊन तुम्ही याच्या दसपट मागता.

आणि योग आला. अरविंदच्या शहरात एक दिवसाचा सामना होता. शहराचं नाव सांगत नाही, त्या मैदानाचे कारभारी पुढच्या वर्षी मला कीर्तनाला बोलावतील अशी आशा आहे. अरविंदनं दोन तिकिटं काढून ठेवलेली, त्याच्या मित्राचं ऐनवेळी रद्द झालं. त्याला दुसरं कुणी मिळेना. शेवटी त्यानं बहिणीला फोन केला. हसबनीसांनी तो बाजूनं ऐकला आणि हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली.

‘मी येतो.’

अरविंद म्हणाला, ‘भावोजी, विचार करून बोला.’

‘केलाय. घरात आपण चार माणसं असतो, म्हणून माझी नजर पडते. तिथं चाळीस हजार असणार. चाळीस हजारांत माझी एक नजर म्हणजे काय? पातळ होईल ती.’

बघा, दुधात पाणी घालावं तसं माणसानं स्वतःचं पाप मापून पातळ केलं!

अरविंद म्हणाला, ‘ठीक आहे. पण अट एकच. मी म्हटलं खाली जा, की खाली जायचं. का म्हणून विचारायचं नाही.’

‘कबूल.’

तिकीट नऊ हजारांचं. दुकानात नंबर काढायचं नवं यंत्र घ्यायचं म्हणून बाजूला ठेवलेल्यातून ते गेले. वत्सलावहिनी म्हणाल्या, ‘नऊ हजारांत आपण दोघं काशीला जाऊन आलो असतो.’

‘काशीला षटकार मारत नाहीत.’

‘बरं. डबा देऊ का? दशम्या करते.’

‘आत नेऊ देत नाहीत.’

‘नऊ हजार घेऊन जेवायला पण नाही?’ वहिनींना हे काही पटेना. ‘आमच्याकडं लग्नात शंभराचं पाकीट देणारासुद्धा दोनदा जिलबी घेतो.’

मंडळी, तीर्थयात्रा खडतर असते म्हणतात. मैदानाची बघा. गाडी लावायची तीन कोसांवर, उसाच्या कापून नेलेल्या रानात. तिथून चालत. दव पडतं म्हणून सामना सकाळचा ठेवलेला, ऊन मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. तोंडाला रंग फासून देणारे, झेंडे विकणारे, पिपाण्या विकणारे. पिपाणी फाटकाबाहेर विकतात आणि फाटकात काढून घेतात. मग ती जाते कुठं? मला विचारू नका, मी सप्ताहाचे नारळ परत दुकानात जाताना बघितलेले आहेत.

फाटकात हसबनीसांची झडती झाली. पाण्याची बाटली गेली. छत्री गेली. खिशातली चिल्लर गेली. काच पुसायच्या औषधाची छोटी बाटली होती, ती रखवालदारानं हुंगली आणि ठेवून घेतली. मग गळ्यातली दुर्बीण निघाली. दुकानातली, चांगली, जर्मन काचांची.

‘ही नाही नेता येणार.’

‘का हो? बघायचीच तर वस्तू आहे.’

‘फेकून मारली तर?’

‘एवढी महागडी दुर्बीण कोण फेकून मारेल?’

रखवालदारानं त्यांच्या हातातलं तिकीट वाचलं. ‘याला नऊ हजार देणारा माणूस काहीपण फेकेल, साहेब.’

दुर्बीण गेली.

पण मंडळी, थट्टा पुरे. एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अंधाऱ्या जिन्यानं माणूस चढत वर येतो, सिमेंटचा वास, ढकलाढकली, कुणाचं तरी कोपर बरगडीत — आणि जिना संपतो. समोर ते हिरवं उघडतं. टीव्हीवर ते चौकोनात असतं हो! इथं त्याला कडाच नाहीत. आणि चाळीस हजार माणसं एका वेळी श्वास आत घेतात, त्याचा आवाज होतो. गाभाऱ्यात समईची ज्योत अचानक मोठी व्हावी तसं काहीतरी पोटात होतं. हसबनीस जिन्याच्या तोंडाशी थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘काका, पुढं सरका, फोटो नंतर.’ त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. लोक का जातात हो एवढे पैसे मोडून? यासाठी जातात.

मग ते जाग्यावर जाऊन बसले, आणि कळलं की दिसत काही नाही.

तिळाएवढी माणसं. कोण गोलंदाज, कोण पंच, देव जाणे. चेंडू तर नाहीच. मग सगळे बघतात कुठं? समोरच्या मोठ्या पडद्याकडे! म्हणजे घरचा टीव्ही सोडून, तीन कोस चालून, नऊ हजार देऊन, माणूस येतो दुसऱ्याचा टीव्ही बघायला. आणि नेमका गडी बाद झाला की त्या पडद्यावर सिमेंटची जाहिरात. हसबनीसांच्या शेजारचा गृहस्थ मोबाईलवर तोच सामना लावून बसलेला. समोर चौकार गेला की हा गप्प. थोड्या वेळानं मोबाईलमध्ये जायचा, मग हा उठून नाचायचा. सगळे बसलेले, हा एकटा नाचतोय.

समोरच्या संघानं भरपूर धावा केल्या. त्या डावात हसबनीसांनी मनसोक्त बघितलं, बंदी आपल्या फलंदाजीपुरती होती. दुपारी आपली सुरुवात झाली. हसबनीस हात मांडीवर ठेवून बसले. पहिला गडी गेला. दुसरा गेला. अरविंदनं हळूच मान वळवून भावोजींकडे बघितलं. हसबनीस पडद्याकडं बघत राहिले, डॉक्टरांच्या खोलीत रिपोर्ट उघडताना बघतात तसे.

मग ते लघवीला जाऊन आले. तेवढ्यात दोन षटकार! परत येऊन बसले — तिसरा गडी गेला.

मागच्या रांगेत बार्शीचा एक आडव्या अंगाचा व्यापारी होता, गालांवर तिरंगा रंगवलेला. त्यानं हसबनीसांच्या खांद्यावर बोट टेकवलं.

‘काका, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही उठला होतात तेव्हा बरं चाललं होतं.’

‘योगायोग असतो,’ हसबनीस म्हणाले.

अरविंद खाली मान घालून म्हणाला, ‘योगायोग नाही. आमच्याकडं लग्नापासून असंच आहे.’

संपलं. साक्षीदार घरचाच निघाला! रांगेत पुढं-मागं कुजबुज गेली. कुणी आवाज चढवला नाही, मराठी माणसं, सगळं नम्रपणे. एक बाई म्हणाल्या, ‘काका, थंडगार सरबत पिऊन या ना खाली, ऊन लागेल तुम्हाला.’ मोबाईलवाला म्हणाला, ‘मी तुमची खुर्ची सांभाळतो.’ बार्शीकरांनी शेवटचं सांगितलं, ‘काका, आमचं काही नाही हो. देशाचा प्रश्न आहे.’

अरविंद हळू म्हणाला, ‘भावोजी, कबूल केलं होतंत.’

हसबनीस उठले.

आणि खाली, मंडळी, गॅलरीच्या पोटात, जिथं सरबताची गाडी आणि ‘येथे थुंकू नये’ लिहिलेली भिंत — तिथं काय दिसावं? आणखी सहा-सात माणसं उभी! कुणी टाय लावलेला, कुणी फेटा बांधलेला. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. सगळे आपापल्या रांगेतून उठवलेले!

एकानं सरकून जागा केली. जालन्याचा शिक्षक होता. ‘कधीपासून?’ त्यानं विचारलं.

‘लग्नापासून. तुम्ही?’

‘शाळेपासून. वडिलांनी ओळखलं.’

‘तिकीट?’

‘वरचं. पॅव्हेलियनचं.’ शिक्षक जरा ताठ झाला. पैसे दिलेत म्हटल्यावर भिंतसुद्धा जवळून बघतो माणूस.

दुपार उतरली. वर काँक्रीट थरथरत होतं. हसबनीसांचे कान तयार होते, ते इतरांना सांगत होते, ‘चौकार. ...हा दोनच धावांचा. ...गेला. सहावा गेला.’ सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. सरबतवाला गाडी सोडून वर पळाला. मग शेवटचा चेंडू राहिला आणि तीन धावा हव्या होत्या. वरचा आवाज एकदम बंद पडला. चाळीस हजार माणसं गप्प, आणि इथं सात माणसं भिंतीला नाक लावून.

हसबनीसांनी भिंतीवरचं ‘येथे थुंकू नये’ पुन्हा एकदा वाचलं. अक्षर नीट दिसत होतं. आणि ते वळले.

जालन्याच्या शिक्षकानं त्यांची बाही धरली. ‘अहो, जाऊ नका. एवढा वेळ काढलात. हरलो तर आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही तुम्ही.’

‘आणि नाही गेलो तर?’

शिक्षकानं बाही सोडली. पण तो स्वतः भिंतीकडंच तोंड करून राहिला. कुणीतरी राहायला पाहिजे ना!

हसबनीस जिना चढले. जिन्याच्या तोंडाशी एक हवालदार उभा, त्याच्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं. त्या जागेवरून पडदा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त मैदान. गोलंदाज धावत आला. बॅट फिरली. चेंडू पॉइंटच्या उजवीकडून निघाला — आणि मग बॅटीचा आवाज आला! चेंडू आधी, आवाज मागून. टीव्हीवर हे कधी कळतं का? क्षेत्ररक्षकानं गवतावर अंग टाकलं, हात लांबवला, चेंडू बोटांच्या पुढून दोरीवर गेला.

आपण जिंकलो. ते बघत असताना जिंकलो!

सगळं मैदान उसळलं. हसबनीस जाग्यावर उभे. समोरचं एकाएकी धूसर झालं. धंद्यातला माणूस, त्यांना कळलं की हा नंबर वाढलेला नाही.

काय सुटलं असेल हो त्या क्षणी! स्वयंपाकघरातलं पिंप सुटलं, तुळस सुटली, पसरलेले हात सुटले. ज्याला जन्मभर पनवती म्हटलं, त्याच्या डोळ्यांदेखत देश जिंकला. हे सांगायला हसबनीस रांगेकडं धावले.

तिथं अरविंदनं त्यांना मिठीच मारली. ‘भावोजी, तुमचे उपकार झाले. तुम्ही गेलात आणि सामना फिरला.’ बार्शीकरांनी तर त्यांना उचललं. ‘काकांनी जिंकून दिला.’ रांग टाळ्या वाजवायला लागली.

‘मला खाली ठेवा,’ हसबनीस म्हणाले. ‘अरविंद, मी बघितलं.’

‘काय बघितलं?’

‘शेवटचा चेंडू. वर येऊन. जिन्यापाशी उभा होतो.’

टाळ्या थांबल्या. अरविंद हसला, लहान मुलाकडं बघून हसावं तसं. ‘नाही हो. रिप्ले असेल.’

‘तिथून पडदा दिसत नाही. पॉइंटच्या उजवीकडून गेला. मी या डोळ्यांनी बघितला.’

‘भावोजी,’ अरविंदनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ‘तुम्ही बघत असता, तर आपण जिंकलो असतो का?’

बार्शीकर म्हणाले, ‘बरोबर आहे.’ शेजारच्या मोबाईलमध्ये तेव्हा कुठं चौकार गेला, आणि तो गृहस्थ नाचायला लागला.

मंडळी, सगळे ग्रंथ चाळा, याला उत्तर सापडणार नाही. डोळ्यांनी बघितलेलं एका बाजूला, आणि अरविंदचा प्रश्न दुसऱ्या बाजूला. अरविंद इंजिनिअर आहे हे ध्यानात असू द्या. त्यानं बांधलेल्या पुलावरून आपण जातो.

दुसऱ्या दिवशी हसबनीस सांगलीला उतरले. वाटलं, निदान घरात सांगू. दार उघडलं तर वहिनींच्या हातात पेढ्यांचा पुडा. अरविंदनं रातोरात फोन करून सगळ्यांना कळवलं होतं. गल्लीत बातमी पसरली होती, की हसबनीस नऊ हजारांचं तिकीट काढून देशासाठी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शेखांनी मिठाई पाठवली होती. मृदुलाच्या कॉलेजात तिच्या वडिलांचं नाव निघालं होतं.

हसबनीसांनी वहिनींना स्वयंपाकघरात नेऊन खरं ते सांगितलं. वहिनींनी नीट ऐकून घेतलं. त्यांना पटलंसुद्धा! बायकोला नवरा कधी खरं बोलतो ते कळतं. त्या म्हणाल्या, ‘मला सांगितलंत, बरं झालं. आता बाहेर कुणाला सांगू नका.’

‘का?’

‘पेढे वाटून झालेत.’

हसबनीस दुकानात गेले. दार उघडायच्या आत दोघे जण पायरीवर. ‘हसबनीस, मानलं तुम्हाला. एवढा त्याग!’ त्या महिन्यात दुकान चाललं तसं कधी चाललं नव्हतं. लोक चष्मा करायला येत, आणि कसे उभे होतात ते करून दाखवा म्हणत. हसबनीस काउंटरमागं वळून, भिंतीकडं तोंड करून दाखवत. पहिल्या दिवशी लाजत. मग लाजेनासे झाले.

पुढच्या महिन्यात परत सामना होता. घरी टीव्हीपुढं सगळे बसले. हसबनीसही बसले होते. एक गडी गेला. वहिनींनी तोंडातून शब्द काढला नाही. मृदुला उठली नाही. कुणी काही म्हटलं नाही, मंडळी! हसबनीस आपले आपण उठले, खुर्ची घेतली, आणि गॅलरीत जाऊन तुळशीकडं तोंड करून बसले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, ‘हसबनीस, आहात ना जाग्यावर?’

‘आहे,’ हसबनीस म्हणाले.

हसलात. हसा. पण आता जरा आपल्याकडं बघा. तुमच्या घरातलं माणूस कोणतं, ज्याला तुम्ही चहा देऊन, गोड बोलून, पाठ फिरवून बसवलंय? सुनेचा पायगुण म्हणून, धाकट्याच्या हाताला यश नाही म्हणून? तिच्या देखत, त्याच्या हातून दहा गोष्टी चांगल्या झालेल्या तुम्ही पाहिल्यात. पाहिल्यात ना? मग म्हणालात काय — रिप्ले असेल! आणि ते सोडा. तुमच्यातला प्रत्येक जण एकदा तरी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून खरं काय ते बघून आलेला आहे. खाली आल्यावर बोललात? की पेढे वाटून झाले होते?

खांबाशी बसलेले देशमुख हात वर करतायत. बोला, देशमुख. काय? सामना कोणता होता ते विचारतात.

तिसरा होता. पहिले दोन आपण हरलो होतो, त्यामुळं तीन सामन्यांची मालिका आधीच गेलेली होती.